घसरलेले मोजे आणि पडलेला स्वार

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरत होती. माणूस खचला, बावरला, नापास झाला, दमला, की त्याला इंग्रजीत काय म्हणतात, आणि म्हणतात त्याचा अर्थ नेमका काय? म्हणून व्याकरणाचे प्रश्न आज बाजूला ठेवले आहेत. ज्यांनी ते पाठवले त्यांना पुढच्या खेपेला उत्तर मिळेल.

प्रश्न : बाई, माझी आई जाऊन दीड महिना झाला. माझं काम परदेशी सहकाऱ्यांबरोबर असतं, सगळं बोलणं इंग्रजीत. परवा बैठकीत बोलता बोलता माझा आवाज भरून आला. एक जण म्हणाला, 'टेक अ मिनिट, कलेक्ट युअरसेल्फ.' दुसऱ्याने नंतर निरोप पाठवला, 'यू नीड टु पुल युअरसेल्फ टुगेदर.' शब्दकोशात दोन्हींपुढे 'स्वतःला सावरणे' एवढंच आहे. मग पहिलं मायेचं का वाटलं आणि दुसरं का झोंबलं? मीच फार हळवी झाले आहे का?

नाही. तुमचा कान बरोबर आहे, शब्दकोश अपुरा पडला आहे.

दोन्ही वाक्प्रचारांचं घराणं एकच. इंग्रजीत माणूस खचला की त्याचे तुकडे होतात. 'गो टु पीसेस' म्हणतात, 'फॉल अपार्ट' म्हणतात, कपड्याची शिवण उसवावी तसं 'कम अपार्ट ॲट द सीम्स' म्हणतात. साहजिकच सावरणं म्हणजे ते तुकडे पुन्हा एका जागी आणणं. शांत माणसाला 'कंपोज्ड' म्हणतात, तो शब्दसुद्धा मुळात 'एकत्र' आणि 'ठेवणे' अशा दोन अर्थांच्या जोडणीतून आला आहे. मराठीत आपण 'मोडून पडला' म्हणतो खरं, पण जास्त वेळा आपला माणूस जागेवरून हलतो. त्याचा तोल जातो, तो ढासळतो, जीव थाऱ्यावर राहत नाही, भान सुटतं. नाहीतर तो गळतो : हातपाय गळतात, अवसान गळतं. म्हणून आपल्याकडे सावरायचं असतं, भानावर यायचं असतं, धीर धरायचा असतो.

आता क्रियापदं बघा. 'कलेक्ट' म्हणजे वेचणं. खाली सांडलेलं एकेक उचलायचं, त्याला वेळ लागणारच, आणि तुमच्या त्या सहकाऱ्याने तो वेळ आधीच देऊ केला : 'टेक अ मिनिट'. 'पुल' म्हणजे ओढणं. त्यात जोर आहे. जोर लावलास तर जमेल, तू लावत नाहीस, असा ठपकाही त्यात न बोलता येतो. वर 'यू नीड टु' आलं, म्हणजे तो सल्ला न राहता मागणी झाली.

हा फरक आपल्याला एका अक्षरात सांगता येतो. 'सावर' आणि 'आवर'. पडणाऱ्याला आपण सावरतो, पसारा आवरतो. रडणाऱ्या माणसाला 'सावर ग' म्हणताना आपला हात आपोआप पुढे जातो, 'आवर आता' म्हणताना जात नाही. पहिला तुम्हाला 'सावर' म्हणाला, दुसरा 'आवर' म्हणाला. शब्दकोशाने दोघांना एकाच ओळीत बसवलं.

पण म्हणून 'पुल युअरसेल्फ टुगेदर' हा वाक्प्रचारच वाईट, असं समजू नका. तो कोण वापरतं त्यावर सगळं आहे. तुम्ही स्वतः म्हणालात, 'गिव्ह मी अ मोमेंट, आय नीड टु पुल मायसेल्फ टुगेदर', तर त्यात केवढा आब आहे! आणि तुमच्या पाठीमागे कोणी सांगितलं, 'शी पुल्ड हरसेल्फ टुगेदर अँड फिनिश्ड द मीटिंग', तर ते निखळ कौतुक आहे. टोचतो तो फक्त समोरच्याच्या तोंडावर आज्ञार्थी आला की. 'गेट अ ग्रिप' आणि 'स्नॅप आउट ऑफ इट' यांचंही असंच. दोन्ही याहून कडक आहेत. दुःखातल्या माणसाला ती कधीही म्हणू नयेत, माझं हे मत ठाम आहे.

'स्टिफ अपर लिप'बद्दलही तुम्ही तळटीपेत विचारलंय. रडू फुटायच्या आधी ओठ थरथरतो, तो थरथरू न देता ताठ ठेवायचा, हे त्यातलं चित्र. याला सगळे अस्सल ब्रिटिश समजतात, पण छापील वापर अमेरिकेत आधी सापडतो, १८१५ सालच्या एका वृत्तपत्रात. हाही दुसऱ्याविषयी सांगायला बरा, दुसऱ्याला सांगायला नाही.

त्या निरोपाला काय उत्तर द्यावं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. वाक्प्रचार वापरूच नका. 'माय मदर डाइड सिक्स वीक्स अगो. आय विल नीड सम टाइम.' एवढंच लिहा आणि पाठवा.

प्रश्न : मुलाच्या प्रगतिपुस्तकात शेरा आलाय, 'नीड्स टु पुल हिज सॉक्स अप'. मोज्यांचा अभ्यासाशी काय संबंध?

घसरून घोट्यावर गोळा झालेले मोजे म्हणजे ढिलाई, ते ओढून नीट करणं म्हणजे अंग झाडून कामाला लागणं. ब्रिटिश इंग्रजीत हा वाक्प्रचार रोजचा आहे. 'अभ्यासात हयगय करतो आहे, जोर लावायला हवा' असा शेऱ्याचा अर्थ घ्या.

इथे थांबता आलं असतं, पण या मोज्यांनी मला आयुष्यभराचं एक काम लावलं आहे, ते सांगते.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. नववीच्या सहामाहीचे पेपर तपासत होते. वर्गातल्या एका चांगल्या मुलाचा निबंध अर्ध्यात तुटला होता. शेवटचं वाक्य 'बिकॉज'वर संपलं होतं, पुढे कोरं पान. मी समासात लाल शाईने लिहिलं, 'पुल युअर सॉक्स अप!' उद्गारचिन्हासकट. पेपर वाटले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मोजे गुडघ्यापर्यंत ओढून आला. मोज्यांचं इलॅस्टिक केव्हाच गेलं होतं, ते घसरू नयेत म्हणून त्याने वर रबरबँड लावले होते. मधल्या सुट्टीत बघितलं तर पोटरीवर लाल वळ उठले होते.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं. आई दोन महिने अंथरुणावर होती, धाकट्या भावाचं सगळं हाच बघत होता, पेपरच्या आदल्या रात्री तो झोपलाच नव्हता. 'बिकॉज'च्या पुढे त्याला डोळा लागला होता.

रबरबँड मी माझ्या हाताने काढले. पेपर मागून घेतला, शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'मी न विचारता लिहिलं.' गुण तेवढेच ठेवले, कारण ते त्याचे होते. तेव्हापासून कुठलाही वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना अर्थाच्या आधी एक प्रश्न विचारायला लावते : समोरचा खाली का आला आहे, असं हा वाक्प्रचार धरून चालतो? मोज्यांचा वाक्प्रचार धरून चालतो की माणूस आळसावला आहे. ते खरं असेल तर तो चपखल आहे, थोडा प्रेमळही आहे. खरं नसेल तर तो खोटा आरोप आहे.

तुमच्या मुलाच्या बाबतीत काय खरं आहे, ते शेरा लिहिणाऱ्याला माहीत असेल किंवा नसेल. तुम्ही आधी मुलाला विचारा, मग शिक्षकांना भेटा.

प्रश्न : मी अनुवाद करते. 'ही टर्न्ड ओव्हर अ न्यू लीफ' याचं मी 'त्याच्या आयुष्याला नवी पालवी फुटली' असं केलं. संपादकांनी ते कापून 'त्याने पुनश्च हरिॐ केला' असं घातलं. कोण बरोबर?

दोघंही नाही. तुमची चूक समजण्यासारखी आहे. 'लीफ' इथे झाडाचं पान नसून वहीचं पान आहे, आणि आपल्या 'पान' शब्दालाही हे दोन्ही अर्थ असल्यामुळे पाय सहज घसरतो. सोळाव्या शतकापासून इंग्रजीत हे पान उलटलं जातं आहे. डागाळलेलं पान मागे टाकायचं आणि कोऱ्या पानावर नीट लिहायला घ्यायचं. म्हणजे मागचं पान खराब होतं ही कबुली त्यात आहे. दारू सोडणारा, खोटं बोलणं सोडणारा, उधळेपणा सोडणारा माणूस 'न्यू लीफ' उलटतो.

'पुनश्च हरिॐ'मध्ये तशी कबुली नाही, उलट ताठा आहे. लोकमान्य टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगून आले आणि १८९९ मध्ये 'केसरी'त पुन्हा लिहू लागले, तेव्हा त्यांनी त्या अग्रलेखाला हे शीर्षक दिलं. 'मी सुधारलो' असं त्यांना म्हणायचं नव्हतं. मध्ये खंड पडला, काम तेच, ते पुढे सुरू, असं म्हणायचं होतं. संपादकांच्या शब्दाने तुमच्या पात्राचा पश्चात्तापच पुसला गेला. 'त्याने मागचं सगळं सोडलं आणि नव्याने सुरुवात केली' असं साधं लिहा. शब्द जास्त झाले तरी चालतील.

तुम्ही 'बॅक टु द ड्रॉइंग बोर्ड'ही विचारलंय आणि त्याचा जन्म फार सुरेख आहे. १९४१ च्या मार्चमध्ये 'द न्यू यॉर्कर' साप्ताहिकात पीटर आर्नो यांचं एक व्यंगचित्र आलं. मागे विमान जमिनीत घुसून चेंदामेंदा झालं आहे, लोक तिकडे धावत सुटले आहेत, आणि एक गृहस्थ काखेत नकाशांची गुंडाळी धरून उलट दिशेने शांतपणे चालले आहेत. ते म्हणतात, चला, पुन्हा आपल्या त्या जुन्या आराखड्याच्या फळ्याकडे. तेव्हापासून बेत फसला आणि मुळापासून नवा आखायला घेतला की हे म्हणतात. यात दोष आराखड्याचा असतो. माणूस शाबूत आहे, हात शाबूत आहेत, म्हणून कामाच्या ठिकाणी अपयशी सहकाऱ्याशी बोलताना मला हा वाक्प्रचार सगळ्यात सोयीचा वाटतो. 'बॅक टु स्क्वेअर वन' त्याचा भाऊ वाटला तरी त्यात नव्या आखणीचा उत्साह नाही, केलेलं पाण्यात गेल्याची हळहळ आहे. आपल्याकडचं 'गाडी मूळ पदावर आली' जवळचं, पण त्यात दुसऱ्यावर टोला असतो, तेवढा सांभाळा.

प्रश्न : 'सेकंड विंड' म्हणजे दुसरं वारं का? पाल, जहाज असं काही?

जहाज नाही, छाती. 'विंड' म्हणजे इथे श्वास, दम. लांब पल्ल्याचा धावणारा सुरुवातीला धापा टाकतो, आता संपलंच असं वाटतं, आणि तसाच धावत राहिला तर एका टप्प्यावर श्वास लयीत येतो, पाय हलके पडतात. ते 'सेकंड विंड'. मराठीत आपण 'नव्या दमाने' म्हणतो तेव्हा शब्दाला शब्द हेच म्हणतो. दोन भाषांत इतकं तंतोतंत जुळणारं क्वचित मिळतं, म्हणून हा मुलांना शिकवताना मला फार आनंद होतो. इथे माणूस दमलेला आहे एवढंच धरलेलं आहे, त्याचा दोष कुठेच नाही.

प्रश्न : प्रशिक्षणात वक्ते म्हणाले, 'पुल युअरसेल्फ अप बाय युअर बूटस्ट्रॅप्स.' टाळ्या पडल्या. मला बुटाच्या नाड्या बांधायला सांगताहेत असं वाटलं.

नाड्या नाहीत. उंच बूट पायात ओढून घ्यायला मागे कातडी फासा असतो, तो 'बूटस्ट्रॅप'. आता खाली वाका, दोन्ही बुटांचे फासे धरा आणि स्वतःला जमिनीवरून वर उचलून दाखवा. जमत नाही ना? मूळ अर्थ तोच होता : न होणारी गोष्ट. १८३४ मध्ये अमेरिकेत एका माणसाने आपोआप अखंड चालणारं यंत्र शोधल्याचा दावा केला, तेव्हा त्याची टर उडवताना वर्तमानपत्राने हेच चित्र वापरलं होतं. पुढे अर्थ उलटा फिरला आणि 'कोणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या बळावर वर येणे' यासाठी तो रूढ झाला. संगणक सुरू होताना एक छोटी आज्ञावली आधी स्वतः जागी होते आणि मग मोठीला आत आणते, तिलाही 'बूटस्ट्रॅप' म्हटलं गेलं, आणि 'संगणक बूट करणे' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द तिथूनच आला.

अर्थ बदलतात, त्याला माझी हरकत नाही. पण ज्याच्या हाताला धरायला काहीच नाही, अशा माणसाला हे ऐकवलं जातं तेव्हा मला तो जुना अर्थच आठवतो, आणि जुना अर्थच खरा वाटतो.

प्रश्न : जुन्या पुस्तकात 'गर्ड अप युअर लॉइन्स' वाचलं. हे आपलं 'कंबर कसणे'च ना? की कोणी मराठीतून उचललं?

कोणी कोणाकडून उचललं नाही. जिथे लोक घोळदार वस्त्र नेसत तिथे ते पायात येई, म्हणून पळायच्या, लढायच्या, राबायच्या आधी ते वर खोचून कमरेला घट्ट बांधावंच लागे. आपल्याकडे त्यातून कंबर कसणं आलं, पदर खोचणं आलं. इंग्रजीत हे बायबलच्या भाषांतरातून आलं, मूळ हिब्रूतून. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत ते जागोजागी दिसतं.

त्यातली एक जागा मला विशेष वाटते. ईयोब नावाच्या एका नीतिमान माणसाचं सगळं गेलेलं आहे. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगावर फोड आले. देव वावटळीतून त्याच्याशी बोलतो आणि म्हणतो, आता मर्दासारखी कंबर कस, मी विचारतो, तू उत्तर दे. पण हे बायबलमधल्या 'ईयोब' या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात. त्याच्या फार आधी, दुसऱ्या अध्यायात, त्याचे तीन मित्र भेटायला येतात. ते त्याच्याबरोबर सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसतात, आणि त्याचं दुःख फार मोठं आहे हे बघून कोणी एक शब्दही बोलत नाही. पुढे ते बोलू लागतात, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणतात, आणि तिथे सगळं बिघडतं. मित्र म्हणून ते शोभतात ते त्या सात दिवसांतच.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. माझी इंटरनेटवरची मैत्रीण दुसऱ्या देशात असते, आमचं इंग्रजीतच बोलणं होतं. ती गाडी चालवण्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली आणि आता पुन्हा बसणारच नाही म्हणते. तिला लिहायला एक चांगला वाक्प्रचार सांगाल का?

सांगते. तुझ्यासाठी 'गेट बॅक ऑन द हॉर्स' आहे. घोड्यावरून पडलेल्या स्वाराला, हाडबीड मोडलं नाही ना बघून, लगेच पुन्हा खोगिरावर बसवतात. उशीर केला की भीती अंगात मुरते आणि मग घोडा नुसता दिसला तरी पाय लटपटतात. यात पडणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही, त्याचा बेत चुकला असंही म्हणत नाही. जो घोड्यावर बसतो तो पडतोच, एवढं धरलेलं आहे. तुझ्या मैत्रिणीला नेमकी भीतीच वाटते आहे, म्हणून हा तिला लागू पडेल.

मात्र पत्राची पहिली ओळ ही नको. आधी तिला विचार, नेमकं कुठे अडलं? गाडी मागे घेताना? चौकात? परीक्षक शेजारी बसला म्हणून हात कापले? तिचं उत्तर येऊ दे. कदाचित ती चार ओळी रागाच्या लिहील, त्याही वाच. मग लिही : 'व्हेनएव्हर यू आर रेडी, गेट बॅक ऑन द हॉर्स. आय विल बी वेटिंग टु हिअर हाउ इट गोज.' 'व्हेनएव्हर यू आर रेडी' हे तुकडे मी मुद्दाम घातले आहेत, ते गाळू नकोस. आणि तिसऱ्या परीक्षेची तारीख कळली की आपल्या वहीत लिहून ठेव, म्हणजे त्या दिवशी सकाळी तिला तुझा निरोप जाईल.